पिवळ्या रुमालातले चिंचोके

ऑगस्ट आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. आमच्या वाळवंटी चँडलर गावातला ऑगस्ट म्हणजे बाहेर तव्यासारखा तापलेला फुटपाथ, फुंकर घालून मगच हातात घ्यायचं गाडीचं स्टिअरिंग, आणि आमच्या घरात, गुरुवारी संध्याकाळी, काळ्या बूटपॉलिशचा वास. इतर मराठी घरांतून या दिवसांत उदबत्ती नाहीतर पुरणाचा वास येतो. आमच्याकडे आलेल्या पाहुण्या काकू मात्र दारातच थबकून विचारतात, "काय हो, कुणी सैन्यात भरती झालं का?"

झालं आहे, काकू. माझी बायको सुनंदा गॅरेजच्या पायरीवर बसून आपले काळे बूट घासत असते. इतके घासते की त्यांत मला माझं टक्कल दिसतं, तेही उजळ. पन्नाशी ओलांडलेली ही बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घालते, कमरेला पिवळा रुमाल खोचते आणि हायस्कूलच्या पोरांच्या फुटबॉलची पंच होते. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, हाताने खेळायचा. लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्या धिप्पाड पोरांनी येऊन अंगावर कोसळायचं, असा तो खेळ. मी पुण्याचा असल्यामुळे माझा आणि खेळाचा संबंध प्रेक्षक म्हणून आणि टीकाकार म्हणून. दोन्ही भूमिका मी मनापासून केल्या आहेत.

सुनंदा नागपूरची. ती खेळली नाही असा खेळ सांगा. थंडीत खो-खो, उन्हाळ्यात कबड्डी, मधल्या काळात चारशे मीटर. एकदा विद्यापीठाच्या स्पर्धेआधी गोळाफेकीच्या मुलीला गोवर आला, तर तिचे मेश्राम सर म्हणाले, "तू दणकट नाहीस, पण रागीट आहेस. चालेल." तिने गोळा फेकला. कितवी आली ते सांगत नाही, पण गोळा आपल्याच पायावर पडला नाही हे अजून अभिमानाने सांगते.

मेश्राम सर भर उन्हात काळी छत्री धरून मैदानाच्या कडेला उभे राहायचे. त्यांची एक आरोळी सुनंदाच्या हाडांत मुरली आहे. खो-खोत पाठलाग करणारीची दिशा चुकली की पंच तोकडी शिट्टी मारतो, पण खेळ थांबत नाही. बाकीच्या पळतच असतात. चुकलेलीने तिथल्या तिथे उलट फिरायचं, चूक निस्तरायची आणि पुन्हा धावायचं. शिट्टी वाजली की सर ओरडायचे, "फाऊल फेड आणि धाव!" रडायला, खजील व्हायला, पंचाशी वाद घालायला त्या खेळात जागाच नसते. सुनंदाची ही सवय मी संसारातही पाहिली आहे. भाजी करपली तर ती हळहळत नाही. मी वर पाहीपर्यंत दुसरी भाजी कढईत असते.

ती इकडे आली माझ्या व्हिसावर. माझ्या व्हिसाला नोकरी होती, तिच्या व्हिसाला स्वयंपाकघर. ती पहाटे पार्कात पळायची, मग रविवारी तिथेच आपल्या लोकांच्या पोरांना गवतावर ओळीने बसवून खो-खो शिकवू लागली. मग मुलीच्या, तन्वीच्या, शाळेत ट्रॅकच्या टीमला फुकट मदत. ग्रीन कार्ड आलं तशी शाळेने तिला रीतसर कोच केलं. पहिल्या दिवशी ती गळ्यात स्टॉपवॉच अडकवून घरी आली आणि ते काढायचं विसरून पोळ्या लाटायला बसली. त्या लोंबणाऱ्या घड्याळाकडे बघत मी निमूटपणे जेवलो. माझ्याकडून मौन क्वचितच होतं, त्यातलं ते एक.

आणि मग वॉल्टर. ट्रॅकच्या स्पर्धांत पिस्तूल उडवून शर्यत सुरू करून देणारा उंच, वाळका म्हातारा. हिवाळ्या-उन्हाळ्यात शर्यती, आणि ऑगस्टपासून फुटबॉलचा मुख्य पंच. पाच पंचांच्या चमूत सगळ्यांच्या टोप्या काळ्या असतात, मुख्य पंचाची तेवढी पांढरी. वॉल्टर बोलतो अर्थात इंग्रजी, पण मी त्याला इथे मराठीत बोलायला लावणार आहे. त्याला शोभतं.

एका स्पर्धेनंतर तो सुनंदाला म्हणाला, "कोच, पंच मिळत नाहीत. लोक येतात, शिव्या खातात, सोडून जातात. तू शिव्या खाशील?"

"माझी सासू पुण्याची आहे," सुनंदा म्हणाली.

वॉल्टरला कळलं नाही. मला कळलं.

तर असा तो पहिला सीझन. दर ऑगस्टला पॉलिशच्या वासाबरोबर तोच परत येतो. वॉल्टरने तिला एका सीझनपुरतं घेतलं होतं, मैदानाच्या कडेच्या रेषेवर. जमलं तर चमूत कायम, नाहीतर आभार आणि नमस्कार. तिने मला सांगितलं, "मी आजवर कोणत्याच टीममधून निघाले नाही. निघायला लागलं तर तुमच्याशी बोलणार नाही." म्हणजे वॉल्टरच्या निकालात माझंही बरंच काही पणाला लागलं होतं.

सगळ्यात आधी रुमालाने छळलं. फाऊल दिसला की पंचाने पिवळा रुमाल हवेत भिरकावायचा, म्हणून त्याच्या टोकात काहीतरी वजन बांधलेलं असतं. विकत आणलेला रुमाल फारच पोचट. वाऱ्यावर जायचा पतंगासारखा. सुनंदाने टाके उसवले आणि त्यात साबुदाणा भरून शिवला. पहिल्या सरावाला मैदानावरचे फवारे चालू राहिले होते. ओल्या गवतात रुमाल तीनचार वेळा पडला, आणि शेवटी तो फुगून, चिकट होऊन, चेंडूवर जाऊन बसला तो निघेच ना. वॉल्टरने तो दोन बोटांनी सोडवला, वास घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"उपवासाचं," सुनंदा म्हणाली.

घरी येऊन तिने आईने पाठवलेल्या चिंचेतले चिंचोके धुऊन वाळवले आणि ते भरले. आजही तेच आहेत. भिजत नाहीत, फुगत नाहीत, पडताना 'टप्' असा समाधानी आवाज करतात.

मग घरातला सराव. आमचा हॉल म्हणजे मैदान, गालिच्याची कड म्हणजे रेषा, सोफ्याची उशी म्हणजे चेंडू. आणि दोन्ही संघांचे मिळून सगळे खेळाडू म्हणजे मी. गणेशोत्सवातल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं दिवाणजी आणि शेजारी केले होते. आता शेवटी नायकाची भूमिका मिळाली. मी उशी घेऊन स्वयंपाकघरातून मुसंडी मारायचो, स्वतःच स्वतःला पाडायचो, कण्हायचो, थोडा मरायचोही.

"अहो, मरून काय राहिले! चेंडू छातीशी धरा! कोपर टेकलं की धाव संपली. ते आधी टेकलं की चेंडू आधी रेषेवर पोचला, ते मला बघायचं आहे."

"बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग," तन्वी जिन्यावरून म्हणायची, आणि फोनवर शूट करत राहायची.

सुनंदाला नियम पाठ झाले, पण एक गोष्ट तिच्या अंगाला पटत नव्हती. इथे फाऊल दिसला तर फक्त रुमाल टाकायचा. शिट्टी नाही. शिट्टी वाजली की त्या क्षणी खेळ मेला, मग कुणी कितीही पळो. खो-खोच्या अगदी उलट. तिथे शिट्टीवर पळायचं, इथे शिट्टीवर थांबायचं. ती हॉलमध्ये रुमाल टाकायची आणि तोंडातून 'कुक्' असा आवाज आपोआप निघायचा. मग स्वतःच कपाळाला हात लावायची. "मायबाई! नागपूर निघतच नाही ना तोंडातून!"

शुक्रवार संध्याकाळ. लोखंडी बाकांचे स्टँड, बँडवाल्या पोरांचे पितळी भोंगे, चीज ओतलेल्या नाचोजचा वास, आणि पश्चिमेला डोंगरांमागे डाळिंबी होत जाणारं आकाश. मला सुनंदाची सक्त ताकीद होती: स्टँडमध्ये बसून आपली ओळख सांगायची नाही. पंचाच्या घरच्यांनी गप्प बसायचं. आता स्टँडमध्ये गप्प बसणारा एकच माणूस असला तर तोच उठून दिसतो. तेव्हा मी वेषांतर म्हणून बाकीच्यांबरोबर पंचांना शिव्या घालू लागलो. काय सांगू, मित्रहो! इतक्या वर्षांच्या संसारात मिळाला नव्हता असा मोकळेपणा! शेजारी बसणारा रँडी, गालभर दाढी आणि मांडीवर पॉपकॉर्नची बादली, एका खेळाडूचा बाप होता. आमची गट्टी जमली. तो ओरडायचा, मी साथ द्यायचो. भावनेच्या भरात एकदा मी उभा राहून गरजलो, "ओ बाई! डोळे आहेत की बटणं!"

घरी जाताना गाडीत सुनंदा समोर बघत म्हणाली, "स्टँडमध्ये मराठीत कोण ओरडून राहिलं होतं आज?"

"असेल कुणी. चँडलरमध्ये आपले लोक फार वाढलेत."

ती हसली नाही, पण सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिचे खांदे हलताना मी पाहिले.

सीझन संपत आला होता. शेवटच्या काही सामन्यांतल्या एकाला स्टँड तुडुंब भरलं होतं. यजमान शाळा थोड्या गुणांनी मागे. रँडीच्या मुलाने चेंडू घेतला आणि सुनंदाच्या बाजूने सुटला. समोरच्या संघातल्या एकाने पलीकडे दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट मागून ओढला. फाऊल. सुनंदाने पिवळा रुमाल फेकला, अचूक. पोरगा पळाला, पळाला, शेवटच्या रेषेपार गेला, म्हणजे गुण! बँड उसळला, रँडीने बादली उडवली, आमच्यावर पॉपकॉर्नचा पाऊस पडला. मीही नाचत होतो.

आणि मला दिसलं, की समोरच्या संघातली दोन पोरं मधेच थांबून उभी आहेत. सुनंदाकडे बघतायत. मला स्टँडमध्ये काही ऐकू आलं नव्हतं, पण ती पोरं का थांबली हे त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला कळलं. कुक्.

वॉल्टर मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला होता. त्याच्यापर्यंत ती शिट्टी पोचली नव्हती, हे आम्हांला नंतर समजलं. सुनंदा गप्प राहिली असती तर दोन पोरांच्या तक्रारीला कुणी विचारलं नसतं. ती गप्प राहिली नाही. ती सरळ धावत पांढऱ्या टोपीपाशी गेली आणि तिने आपल्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं.

गुण रद्द झाले. चेंडू मागे आला. त्या ओढलेल्या शर्टाबद्दल थोडी जागा पुढे मिळाली, पण ते म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठवून हातावर पेढा ठेवण्यासारखं. स्टँड पेटलं. मी आजवर इतक्या शिव्या नाटकात ऐकल्या नव्हत्या, जीवनात तर नाहीच. यजमानांच्या कोचने कानाचा हेडसेट जमिनीवर आपटला. त्या हिरव्या पसाऱ्यात सुनंदा परत आपल्या रेषेवर येऊन उभी राहिली, पाठ ताठ, आणि मला दिसली ती छत्रीवाल्या सरांसमोरची मुलगी.

रँडी माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा लालबुंद. "हिला कुणी ठेवलं कामावर?"

माझं वेषांतर तिथे गळून पडलं. मी म्हणालो, "ती माझी बायको आहे."

रँडीने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग त्याने बादलीच्या तळाशी उरलेले पॉपकॉर्न माझ्यापुढे धरले. "घे," तो म्हणाला. "तुझी रात्र माझ्यापेक्षा वाईट जाणार आहे."

त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. ज्याच्या पोराचे गुण माझ्या घरातल्या शिट्टीने खाल्ले, त्याने मला खायला दिलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. सामन्याची अगदी शेवटची धाव. यजमान पुन्हा रेषेच्या तोंडाशी, पोचले तर जिंकले. चेंडू पुन्हा रँडीच्या मुलाकडे, आणि देवाला नाटक माझ्याइतकंच आवडत असावं, कारण धाव पुन्हा सुनंदाच्याच कोपऱ्यात. पोरगा झेपावला. त्याच्यावर चार जण कोसळले. धूळ, हातपाय, हेल्मेटं. सगळं स्टँड उभं. तिने नुसते दोन हात वर केले असते, म्हणजे गुण दिले असते, तरी मघाचं सगळं माफ होतं. टाळ्या मिळाल्या असत्या. पार्किंगपर्यंत सुखाने जाता आलं असतं. माझ्या शेजारी कुणीतरी ओरडलं, "देऊन टाक! देणं लागतेस तू!"

शिट्टी वाजली नाही. ती ढिगाऱ्याकडे धावली, वाकली, बघत राहिली. मग शिट्टी. आणि तिने एक पाय जमिनीवर रोवला, रेषेच्या अलीकडे. हात खालीच.

कोपर आधी टेकलं होतं. चेंडू वीतभर अलीकडे होता.

मी इतकी वर्षं समजत होतो की 'फाऊल फेड' म्हणजे झालेलं नुकसान भरून द्यायचं. त्या संध्याकाळी मला कळलं की सर काय शिकवत होते. चुकलेलीने स्वतः उलट फिरून नीट दिशेला लागायचं, एवढंच. पुढच्याला खिरापत वाटून चूक फिटत नाही, ती नुसती दुसरी चूक होते.

रँडी बराच वेळ कोपऱ्याकडे बघत होता. "शॉर्टच होता," तो शेवटी म्हणाला. "मला नाही आवडलेलं. पण होता."

वॉल्टरच्या चमूची एक रीत आहे. सामना संपला की पार्किंगमध्ये त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर सगळ्यांनी बसायचं. एकेकाने आपली आजची एक चूक सांगायची, मगच खाण्याला हात लावायचा. नव्या माणसाने शेवटी. सुनंदाने त्या दिवशीही पातळ पोह्यांचा चिवडा आणला होता, आणि डबा मधोमध झाकण लावून ठेवलेला. मी थोड्या अंतरावर गाडीला टेकून उभा होतो, म्हणजे अर्थात कान देऊन. सगळ्यांचं सांगून झालं. वॉल्टर पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे वळला.

"शिट्टी," सुनंदा म्हणाली.

"ती अख्ख्या गावाला माहीत आहे," वॉल्टर म्हणाला. "कुणालाच माहीत नाही ती सांग."

तिने डब्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं. त्या शांततेत मला आमच्या पुढच्या कित्येक अबोल जेवणांची झलक दिसली.

"पहिल्या हाफमध्ये," ती सावकाश म्हणाली, "एकाचा पाय रेषेबाहेर पडला की नाही, मला दिसलं नाही. त्यांचा कोच माझ्यासमोर आला होता. त्याला मागे हो म्हणायला मला लाज वाटली. मी अंदाजाने आत दिला."

वॉल्टरने मान हलवली. "ही खरी. पुढच्या वेळी त्याला सरकव. आणि शिट्टी तोंडात ठेवू नकोस, हातात ठेव. हात तोंडापर्यंत जाईस्तोवर डोकं जागं होतं."

"पुढच्या वेळी?" सुनंदाने विचारलं.

"गुरुवारी बूट घासून ठेव, कोच," असं म्हणून त्याने चिवड्याचं झाकण उघडलं. "आणि पुढच्या वर्षी यात शेंगदाणे जास्त."

घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. मी घाबरून विचारलं, "अबोला आहे का?" तर म्हणाली, "नाही हो. मेश्राम सरांना फोन करायचा आहे, तिकडे आता किती वाजले ते मोजून राहिले." तिने फोन केला. "जय भीम, सर," एवढं मला ऐकू आलं. नंतर बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती आणि मान डोलावत होती, सर समोर छत्री धरून उभे असल्यासारखी.

मी स्वतः कधी चार पावलं धावलो नाही. पण बाकावर बसून बघायला मिळालं, यालाही नशीब लागतं. कुणीतरी तिला नागपुरात उन्हात पळवलं, कुणीतरी इथे विचारलं की शिव्या खाशील का, आणि कुणीतरी मला पॉपकॉर्न दिले.

वॉल्टरचे गुडघे आता संपले. या उन्हाळ्यात तो आमच्या घरी आला, चहा घेतला, खिशातून पांढरी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मोठी होत असेल तर पिन लाव." सुनंदाने टोपी डोक्यावर चढवली. नेमकी बसली. वॉल्टरला नवा उद्योग लागला: तो आता स्टँडमध्ये माझ्याशेजारी बसतो. पलीकडे रँडी. त्याचा मुलगा केव्हाच कॉलेजला गेला, पण रँडी येतो, बादलीसकट.

गेल्या शुक्रवारी या सीझनचा पहिला सामना. पांढऱ्या टोपीतली सुनंदा मैदानाच्या मध्यावर उभी होती, बूट असे चमकत होते की लाइट बंद केले तरी चाललं असतं. वॉल्टरचा जन्म मैदानात गेलेला. स्टँडमध्ये बसून काय करायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही. अस्वस्थ होऊन तो माझ्या कानाशी लागला, "इथून ओरडतात ना? मला शिकव. तुमच्या भाषेत. तिला कळेल असं."

मी शिकवलं. दोनतीनदा घोकून घेतलं. मग माझ्याबरोबर तो सहा फुटी म्हातारा उभा राहिला, तोंडाभोवती हातांचा भोंगा केला आणि साऱ्या चँडलरला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला, "ओ बाई! डोले आहेत की बतनं!"

सुनंदाने वळून पाहिलं नाही. तिने फक्त उजवा हात कमरेकडे नेला आणि पिवळा रुमाल बोटभर वर काढला, चिंचोक्यांचं टोक दिसेल इतकाच.

आम्ही दोघे खाली बसलो. रँडीने बादली पुढे केली आणि आम्ही मुकाट्याने पॉपकॉर्न खाल्ले.